लंडीकोतलहून एक फोन

दुसऱ्या महायुद्धात बेल्जियममध्ये पडलेल्या वैमानिकांना ‘कॉमेट’ या गुप्त साखळीने घरोघरी लपवले, पिरेनीज डोंगर ओलांडून स्पेनला पोहोचवले. 1941 मध्ये ही साखळी उभारणारी आंद्रे द योंग अवघ्या 24 वर्षांची होती. आम्हांला मात्र अशी साखळीच पाठीशी नसलेल्या एका मराठी वैमानिकाची हकिकत जास्त भावते.

फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकरांचे विमान 10 डिसेंबर 1971 रोजी पाकिस्तानात पाडले गेले. रावळपिंडीच्या छावणीत कोठडीची भिंत फोडून, 13 ऑगस्ट 1972 रोजी ते गरेवाल आणि हरीश सिंहजी यांच्यासह निसटले. बसने पेशावर, पुढे खैबरखिंडीतून लंडीकोतल. अफगाण सीमा चार-पाच मैलांवर! तिथे त्यांनी लंडीखाना स्टेशनची वाट विचारली. ते स्टेशन 1932 सालीच बंद पडलेले. पळून जाणारे बंगाली समजून लोकांनी तिघांना धरले.

जीव धोक्यात होता. तेव्हा परुळकरांनी आग्रह धरला, की स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद यांना फोन लावा. हे त्यांच्याच छावणीचे पूर्वीचे प्रमुख. नाताळला कैद्यांसाठी केक आणणारे. (सूरह अद्-दहरमध्ये मिस्कीन, यतीम यांच्याबरोबर कैद्यालाही जेऊ घालणाऱ्यांचा उल्लेख आहे, तो आपल्याला ठाऊकच आहे.) ज्याच्या कैदेतून पळालो, त्यालाच अडचणीत हाक मारायची, हा भरवसा एका दिवसात बसत नाही. उस्मानसाहेबांनी ओळख पटवली आणि तिघे वाचले.

1 डिसेंबर 1972 रोजी ते वाघ्यावरून मायदेशी आले. परुळकर पुढे आमच्या पिंपरी-चिंचवडशेजारच्या पुण्यातच राहिले.