गणवेश धुणाऱ्या बाई

मुलगी कॉलेजात जायला लागली की घरात नवे प्रश्न येतात. "आई, उद्यापासून सकाळी सहाला मैदानावर जायचंय," असं जालन्यात किंवा अंबड-परतूरकडे एखादी म्हणाली, की आईचा पहिला सवाल, "सोबत कोण आहे?" 'बाई आहेत' म्हटलं की जीव अर्धा खाली पडतो. पण खेळ शिकवणाऱ्या त्या बाईंचं स्वतःचं आयुष्य कसं असतं, हे आपण कधी विचारतो का? आज अशाच एका बाईंची हकीकत सांगते. त्या होत्या अमेरिकेतल्या, पण ऐकताना परक्या वाटणार नाहीत.

पॅट समिट यांचा जन्म १९५२चा, टेनेसी राज्यातल्या शेतकऱ्याच्या घरातला. तीन थोरले भाऊ, पाठची एक बहीण. दिवसभर शेतातली कामं आणि रात्री गवताच्या माळ्यावर भावांबरोबर बास्केटबॉल. वडील भारी कडक, कौतुकाचा शब्द काही तोंडातून निघायचा नाही. पण तिथल्या हायस्कूलात मुलींचा संघ नाही असं कळल्यावर त्याच वडिलांनी बिऱ्हाड दुसऱ्या गावी हलवलं! मुलाच्या शिक्षणासाठी घर हलवलेलं आपण पाहतो. मुलीच्या खेळासाठी हलवलेलं मी तरी ऐकलं नव्हतं. तरी भेद राहिलाच. भावांना खेळावर शिष्यवृत्ती मिळाली, पॅटच्या कॉलेजचा खर्च मात्र घरच्यांनी केला.

१९७४ मध्ये, अवघ्या २२व्या वर्षी, टेनेसी विद्यापीठाच्या मुलींचा संघ तिच्या हाती आला. काही खेळाडू तर तिच्याहून जेमतेम वर्षाने लहान! पगार महिन्याला २५० डॉलर. मुलींचे गणवेश आदल्या वर्षी डोनट विकून आलेल्या पैशांतून घेतलेले. ते धुवायचे बाईंनीच, आणि बाहेरगावी सामना असला की गाडीही बाईंनीच चालवायची. हॉटेलला पैसे नाहीत म्हणून एकदा सगळ्याजणी समोरच्या संघाच्या व्यायामशाळेतच झोपल्या. पहिला सामना एका गुणाने हरल्या, तो भाग वेगळा.

याच काळात स्वतःचं एम.ए.च्या तोडीचं शिक्षण, वर्गात शिकवणं आणि दुखावलेला गुडघा सांभाळत स्वतःचा सराव. १९७६च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये खेळाडू म्हणून रौप्यपदक आणि १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला प्रशिक्षक म्हणून सुवर्ण, दोन्ही त्यांनी पाहिलं.

त्यांचा एक नियम मला फार आवडला. वर्ग बुडवला तर खेळायला मिळणार नाही आणि वर्गात बसायचं ते पहिल्या तीन रांगांत. ज्या मुली शेवटपर्यंत त्यांच्या हाताखाली खेळल्या, त्या सगळ्या पदवीधर झाल्या. 'खेळून काय होणार आहे?' असं विचारणाऱ्या घरांना हे ऐकवायला हवं.

संसाराचीही कसोटी होतीच. अनेक गर्भपात सोसल्यावर १९९० मध्ये दिवस भरत आले होते, आणि बाई निघाल्या विमानाने पेनसिल्व्हेनियाला, एका गुणी खेळाडूच्या घरी तिला संघात बोलवायला! तिथेच पाणी गेलं. तरी हट्ट एकच, बाळ आपल्या गावीच व्हायला हवं. विमान परत नेलं आणि मुलगा टायलर नॉक्सव्हिललाच जन्मला. (मैत्रिणींनो, याचं अनुकरण मुळीच करू नका. माझी सासू असती तर आठव्या महिन्यातच कुलूप घातलं असतं!) पुढे तान्ह्या टायलरलाही त्या दौऱ्यांवर सोबत नेत.

पुरुषांच्या संघाचं काम त्यांच्यापुढे दोनदा आलं. ते म्हणजे बढती, असं लोकांना वाटे. बाईंना ते पटेना. मुलींना शिकवणं खालचं कसं, हाच त्यांचा सवाल. त्या आपल्या जागीच राहिल्या. ३८ हंगाम, १,०९८ विजय, आठ राष्ट्रीय विजेतेपदं.

२०११ मध्ये, ५९व्या वर्षी, अल्झायमरचं निदान झालं. माणसाची आठवणच पुसून टाकणारा हा आजार. त्यांनी तो लपवला नाही, जगाला सांगून टाकला आणि सहकाऱ्यांच्या आधाराने आणखी एक हंगाम मैदानाच्या कडेला उभ्या राहिल्या. २०१२ मध्ये त्यांनी पद सोडलं. २०१६च्या जूनमध्ये, ६४व्या वर्षी, त्या गेल्या.

त्यांच्या जागी आल्या हॉली वॉर्लिक. १९७६ ते १९८० या काळात त्या याच बाईंच्या हाताखाली खेळल्या होत्या, आणि नंतर २७ वर्षं त्यांच्या शेजारी बसून शिकवत होत्या.