विंटेज गाडीसाठी अस्सल टायर कोणते?

जुन्या गाडीसोबत मिळालेले मूळ टायर दिसायला कितीही छान असले, तरी त्यांवर गाडी चालवणे धोक्याचे असते. गाडी नुसती उभी असली तरी रबर कडक होते, त्याला भेगा पडतात आणि वेगात टायर फुटू शकतो. म्हणून अस्सल टायर म्हणजे मूळ मापाचा आणि मूळ रचनेचा, पण नवा बनवलेला टायर.

फोर्ड मॉडेल टी ही गाडी १९०८ ते १९२७ या काळात बनली. सुरुवातीच्या गाड्यांना पुढे ३० बाय ३ आणि मागे ३० बाय साडेतीन इंचांचे ‘क्लिंचर’ टायर असत. त्यांची कड रिमच्या आत वळलेल्या काठात अडकते आणि हवेच्या दाबाने तिथे टिकते. हवा कमी झाली, तर वळणावर टायर रिममधून निसटू शकतो.

मिशेलिनने रेडियल टायरचे पेटंट १९४६ मध्ये घेतले. त्याआधीच्या गाड्यांचे रिम रेडियलसाठी बनलेले नव्हते. त्यामुळे रेडियल बसवण्यापूर्वी रिम तपासून घ्यावा.

नवा टायर घेताना त्याच्या बाजूवरचे चार आकडी तारखेचे चिन्ह पाहावे. ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालचा २३वा आठवडा.