चढ म्हणजे रेषेचा तिरकेपणा नव्हे

रेषीय समीकरणांचे आलेख शिकताना एक समजूत मुलांच्या मनात अशी घट्ट बसते की पुढे कॉलेजातही ती सुटत नाही. रेषा जितकी उभी दिसेल तितका तिचा चढ जास्त, ही ती समजूत. शिकवण्यांतून, गाइडांतून आणि झटपट युक्त्या सांगणाऱ्या व्हिडिओंतून ती सतत कानावर येते, आणि ती चूक आहे. क्ष एका एककाने वाढला की य किती बदलतो, एवढाच चढाचा अर्थ. कागदावर रेषा कशी दिसते ही गोष्ट या व्याख्येत कुठेच नाही, तरी शिकवताना सगळा भर तिच्यावरच दिला जातो.

खात्री करून घ्यायला आलेखाचा एक कागद पुरतो. सेल्सिअसवरून फॅरनहाइट काढायचे सूत्र घ्या : सेल्सिअसच्या अंशांना १.८ ने गुणा आणि ३२ मिळवा. आडव्या अक्षावर सेल्सिअस, उभ्या अक्षावर फॅरनहाइट आणि दोन्हींवर १ सेमी = १० अंश असे प्रमाण घेतले, तर रेषा आडव्या अक्षाशी सुमारे ६१ अंशांचा कोन करते; चांगलीच उभी दिसते. आता फक्त उभ्या अक्षाचे प्रमाण १ सेमी = ४० अंश करा. तीच रेषा सुमारे २४ अंशांवर येते आणि अगदी सौम्य वाटू लागते. सूत्र तेच आहे. पाणी पूर्वीप्रमाणेच ० अंश सेल्सिअसला म्हणजे ३२ फॅरनहाइटला गोठते, आणि १०० ला म्हणजे २१२ ला उकळते. २१२ मधून ३२ वजा करा, १०० ने भागा. दोन्ही कागदांवर उत्तर १.८ येते. अक्षांची अदलाबदल केली तर मात्र चढ खरोखर बदलतो, तो ५/९ होतो, कारण आता विचारलेला प्रश्नच वेगळा आहे : फॅरनहाइट एका अंशाने वाढले तर सेल्सिअस कितीने वाढेल? शिवाय चढाला एकक असते. इथे ते दर सेल्सिअस अंशामागे फॅरनहाइट अंश असे आहे, रिक्षाच्या भाड्याच्या आलेखात दर किलोमीटरमागे रुपये, प्रवासाच्या आलेखात दर तासाला किलोमीटर. रुपयांना किलोमीटरने भागून कोन कसा निघणार?

यावर हमखास आक्षेप येतो की दहावीच्या पुस्तकातच चढ म्हणजे टॅन थीटा असे दिले आहे, आणि थीटा हा तर रेषेने आडव्या अक्षाशी केलेला कोन. पुस्तकातले विधान बरोबर आहे, पण त्यामागे एक अट आहे : दोन्ही अक्षांवर प्रमाण सारखे हवे. वर्गात सोडवलेल्या बहुतेक आलेखांच्या कोपऱ्यात ‘दोन्ही अक्षांवर १ सेमी = १ एकक’ असे लिहिलेले असते, त्यामुळे ही अट सहसा पाळली जाते आणि म्हणूनच कधी दिसत नाही. त्यात महाराष्ट्र मंडळाच्या दहावीच्या अभ्यासक्रमात दोन चलांतील रेषीय समीकरणे गणिताच्या पहिल्या भागात आहेत आणि रेषेचा चढ दुसऱ्या भागात, निर्देशक भूमितीत. समीकरण आणि त्याचा चढ यांची मुलांशी गाठ पडते ती दोन वेगळ्या पुस्तकांत, अनेकदा दोन वेगळ्या तासांना. मग मुलाने चढ ही केवळ भूमितीची, म्हणजे आकृतीची बाब मानली, तर दोष त्याचा नाही.

प्रत्यक्ष जमिनीवरचा चढ घेतला, तर उंची आणि अंतर दोन्ही मीटरमध्येच असतात. तिथे कोनाला खरा अर्थ आहे. पण तिथेही डोळा फसतो. बोरघाटात आणि कसाऱ्याच्या थळ घाटात रेल्वेमार्गाचा कमाल चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. कोन काढला तर तो जेमतेम दीड अंश भरतो. वहीवर काढलेली अशी रेषा कोणीही आडवीच म्हणेल, पण याच चढावर गाड्यांना मागून रेटायला बँकर इंजिने जोडावी लागतात. कोन दुप्पट म्हणजे चढ दुप्पट, हेही खरे नाही. ३० अंशांच्या रेषेचा चढ सुमारे ०.५८ असतो आणि ६० अंशांच्या रेषेचा सुमारे १.७३, म्हणजे बरोबर तिप्पट. आणि रस्त्यावरचा १०० टक्के चढ म्हणजे उभी भिंत नव्हे. तो ४५ अंशांचा असतो.

चित्रावर भिस्त ठेवली की दुसरी चूक तिच्या मागोमाग येते : जी रेषा वर, तिचा चढ जास्त. लिलियन मॅकडरमॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये विद्यार्थ्यांच्या आलेखविषयक अडचणींवर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात रेषेची उंची आणि तिचा चढ यांतली गल्लत ही ठळक अडचण म्हणून नोंदवली आहे. अंतर आणि काळाच्या आलेखात दोन गाड्यांच्या रेषा एकमेकींना छेदतात तिथे दोघींचा वेग सारखा, असे उत्तर मुले देतात. त्या क्षणी दोघी एकाच ठिकाणी असतात, एवढेच छेदनबिंदू सांगतो. वेग रेषेच्या चढावरून कळतो, आणि दोन्ही चढ वेगळे आहेत म्हणूनच तर रेषा छेदल्या. हे ज्याला उमगले नाही त्याने दोन समीकरणांची उकल आलेखाने काढली, तरी उत्तर कशाचे आले हे त्याला सांगता येणार नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात आटोपतात. चढ कोणत्या दोन बिंदूंवरून काढला यावर तो अवलंबून नसतो. सरळ रेषेवर कोणतेही दोन वेगळे बिंदू घ्या, उत्तर एकच. क्षचा सहगुणक म्हणजे चढ, हे समीकरण ‘य बरोबर’ असे मांडल्यावरच खरे ठरते; २क्ष + ३य = ६ या रेषेचा चढ २ नाही, उणे २/३ आहे. ऋण चढाची रेषा आडव्या अक्षाच्या खालीच असते असे नाही. ती डावीकडून उजवीकडे उतरते, इतकेच. रेषा काढायला दोन बिंदू पुरतात हे खरे, पण तिसरा बिंदू वाया जात नाही. तो रेषेवर बसला नाही तर आकडेमोडीत कुठेतरी चूक आहे हे लगेच कळते. सरळ रेषा दिसली की दोन राशी समप्रमाणात आहेत असेही मानू नये. त्यासाठी रेषा आरंभबिंदूतून जावी लागते, आणि तापमानाची रेषा तशी जात नाही. म्हणून २० अंश सेल्सिअस हे १० अंशांच्या दुप्पट असले, तरी त्यांचे ६८ फॅरनहाइट हे ५० च्या दुप्पट नाहीत.

शेवटी उभी रेषा. तिचा चढ शून्य आहे असे काही मुले लिहितात, काही अनंत लिहितात. शून्य चढ आडव्या रेषेचा. तिथे क्ष कितीही वाढवा, य जागचा हलत नाही. क्ष = ३ या उभ्या रेषेवर क्ष कायम ३ राहतो, त्यामुळे तो एककाने वाढला तर काय होईल हे विचारण्याची सोयच नाही. चढाच्या सूत्रात छेदस्थानी शून्य येते ते याच कारणाने, आणि म्हणून या रेषेचा चढ निश्चित करता येत नाही.