डायनामो बदलण्याआधी

लष्करी ट्रकची बॅटरी उतरली की पहिला संशय डायनामोवर जातो. तो उतरवून नवा बसवला जातो, इंजिन चालू होते, डॅशबोर्डवरचा काटा हिरव्या पट्ट्यात येतो आणि सगळे निश्चिंत होतात. आठवड्याभराने तोच ट्रक पुन्हा धक्का मारून चालू करायची वेळ येते. महागडा भाग वाया गेलेला असतो आणि मूळ दोष जागेवरच असतो. चार्जिंगच्या तक्रारीत तो दोष पुष्कळदा डायनामोत नसतोच. वीज जिथून जाते त्या वाटेवर असतो. ती वाट ठरावीक क्रमाने मोजत गेल्याशिवाय तो सापडत नाही.

२४ व्होल्ट कशासाठी?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याचा भार वाहणारा जीएमसी सीसीकेडब्ल्यू हा ट्रक ६ व्होल्टवर चालत असे. १९५० च्या सुमारास एम-३५ मालिकेचे अडीच टनी ट्रक आले आणि त्यांच्यासोबत २४ व्होल्टची यंत्रणा रूढ झाली. १९८२ पासून आलेले पाच टनी एम-९३९ आणि ऑशकॉश कंपनीचा आठ चाकी हेम्ट यांनीही तीच चालवली. कारण साधे आहे. तेवढीच शक्ती दुप्पट दाबाने पाठवली तर प्रवाह निम्मा लागतो, आणि त्याच तारेत वाया जाणारी उष्णता चौथ्या हिश्श्यावर येते. थंडीत डिझेल इंजिन फिरवताना सेल्फ-स्टार्टर शेकडो अँपिअर ओढतो, तेव्हा हा फरक निर्णायक ठरतो.

एम-३५ए२ मध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. हेम्टमध्ये चार असतात: दोन-दोनच्या दोन जोड्या. शेजारच्या वाहनाकडून वीज घेऊन इंजिन चालू करण्यासाठी नाटो देशांनी एकाच नमुन्याचे सॉकेट ठरवले आहे. पाण्यातून जाताना बिघाड होऊ नये म्हणून जोड रबरी आणि जलरोधक असतात. प्रत्येक तारेवर क्रमांकाची पट्टी असते आणि एका क्रमांकाचे काम मालिकेतल्या निरनिराळ्या ट्रकांत एकच राहते. दोष शोधणाऱ्याला एवढी मदत फार थोड्या नागरी वाहनांत मिळते.

कारखाना आणि वाट

यातल्या बहुतेक ट्रकांवरचा डायनामो खरे तर अल्टरनेटर असतो. आतले रोटर पट्ट्याच्या जोरावर फिरते. त्याच्या गुंडाळीला थोडा प्रवाह दिला की ते चुंबक बनते. या प्रवाहाला फील्ड म्हणतात. भोवतीच्या स्थिर गुंडाळ्यांत त्यामुळे तीन फेजची वीज तयार होते आणि डायोड तिला एकाच दिशेने वाहायला लावतात. रेग्युलेटर बाहेर पडणारा दाब पाहून फील्ड कमी-जास्त करतो आणि तो २८ व्होल्टच्या आसपास ठेवतो. एम-३५ए२ वरचा ६० अँपिअरचा अल्टरनेटर २८ व्होल्टला १,६८० वॅट देऊ शकतो.

आता वाटेतल्या एका गंजलेल्या जोडाचा हिशेब करू. त्याचा रोध अवघा ०.०५ ओहम धरा. त्यातून ६० अँपिअर जाऊ लागले तर ३ व्होल्ट तिथेच खर्च होतात आणि १८० वॅटची उष्णता तयार होते. अल्टरनेटरकडे २८ व्होल्ट असतात, पण पलीकडे २५ च पोहोचतात. पूर्ण भरलेल्या दोन बॅटऱ्यांचा स्वतःचा दाबच सुमारे २५.४ व्होल्ट असतो, म्हणजे २५ व्होल्टने त्या कधीच पूर्ण भरणार नाहीत. रेग्युलेटर आपल्या टोकाशी २८ पाहून समाधानी राहतो. कोणताही भाग ‘खराब’ नसताना बॅटरी रोज थोडी थोडी उतरत जाते. असा जोड हाताला गरम लागतो, त्याचे आवरण काळवंडते. नवा डायनामो इथे काहीही करू शकत नाही.

तपासणीचा क्रम

सुरुवात बॅटरीपासून करावी, कारण बॅटरी कमकुवत असेल तर पुढचे सगळे आकडे फसवे येतात. पाण्याच्या बॅटरीत आम्लाची ग्रॅव्हिटी, म्हणजे सापेक्ष घनता, बाराही खान्यांची बघावी. भरलेल्या बॅटरीत ती १.२६० ते १.२८० असते, दोन खान्यांत ०.०५० हून जास्त फरक आला तर त्या बॅटरीचे आयुष्य संपत आले आहे. नव्या बंद बॅटऱ्यांत हे शक्य नसते, तिथे भार टाकून दाब किती पडतो ते पाहावे.

मग डोळे आणि हात वापरावेत. पट्टा सैल किंवा गुळगुळीत झालेला नाही ना? टर्मिनलवर पांढरा-निळा खार नाही ना? इंजिन आणि चासी यांना जोडणारी अर्थची पट्टी जागेवर आणि घट्ट आहे ना? रंगावर बसवलेली अर्थ हा जुना शत्रू आहे. धातूवर धातू टेकल्याशिवाय ती काम करत नाही.

आता मीटर घ्यावा. इंजिन जरा वेगाने चालू ठेवून बॅटरीच्या टोकांवर साधारण २७.५ ते २८.५ व्होल्ट मिळायला हवेत. कमी मिळाले तर दिवे आणि पंखा लावून मीटरचे एक टोक अल्टरनेटरच्या आउटपुटला आणि दुसरे बॅटरीच्या धनाग्राला लावावे. मग तेच अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचे ऋणाग्र यांच्यात करावे. दोन्हीकडे व्होल्टचे काही दशांश दिसले तर वाट ठीक. एक व्होल्ट किंवा जास्त दिसला तर दोष त्याच बाजूच्या तारेत किंवा जोडात आहे. सगळ्या तपासणीत सर्वांत कमी केली जाते ती हीच चाचणी, आणि सर्वांत जास्त पैसे वाचवते तीही हीच.

वाट चांगली निघाली तरच अल्टरनेटरकडे वळावे. इग्निशन चालू करताच फील्ड मिळणाऱ्या अल्टरनेटरमध्ये इंजिन बंद असताना मागच्या बेअरिंगजवळ पोलादी स्क्रू-ड्रायव्हर नेला तर तो ओढला जातो. ओढला नाही तर फील्डच पोहोचत नाही: तार, ब्रश किंवा रेग्युलेटर पाहावा. फील्ड असूनही उत्पादन अपुरे असेल आणि मीटरवर एसी दाब अर्ध्या व्होल्टहून बराच जास्त येत असेल, तर डायोड गेला आहे. शॉर्ट झालेला डायोड उभ्या ट्रकचीही बॅटरी रातोरात उतरवू शकतो. उलट दाब ३० व्होल्टच्या वर चढून बॅटरी उकळू लागली, सडक्या अंड्यासारखा वास आला, तर इंजिन लगेच बंद करावे. त्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडत असतो आणि एक ठिणगी स्फोटाला पुरते.

२४ व्होल्टच्या ट्रकांचा खास आजार वेगळाच आहे. कुणीतरी १२ व्होल्टचा रेडिओ किंवा दिवा दोनपैकी एकाच बॅटरीवर जोडतो. ती बॅटरी नेहमी अर्धी राहते आणि तिची जोडीदार जास्त चार्ज होऊन सुकते. एकूण दाब बरोबर दिसतो, म्हणून प्रत्येक बॅटरी वेगळी मोजली तरच हे उघड होते.

चांगला अल्टरनेटर माणसांच्या हातूनही मरतो. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढली की अचानक उसळणारा दाब डायोड आणि रेग्युलेटर जाळतो. उसनी वीज घेताना उलटी केबल लावली तरी तेच होते. बॅटरी काढताना ऋणाग्र आधी सुटे करावे आणि बसवताना शेवटी जोडावे.

ज्ञान शिपायापर्यंत

हे बारकावे सैनिकांपर्यंत पोहोचावेत म्हणून अमेरिकी लष्कराने १९५१ मध्ये ‘पीएस’ हे देखभालीचे मासिक सुरू केले. त्याची चित्रे सुमारे वीस वर्षे विल आयस्नर या ख्यातनाम चित्रकथाकाराने सांभाळली. देखभालीचे शिक्षण कंटाळवाणेच असावे लागते, हा समज त्या मासिकाने खोटा ठरवला.

आपल्याकडे लष्करी वाहनांच्या देखभालीचे काम १५ ऑक्टोबर १९४३ रोजी उभी राहिलेली ईएमई (इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स) शाखा करते. सैन्याची वाहने विकसित करणारी व्हीआरडीई ही संस्था अहिल्यानगरला आहे आणि लष्कराचे ५१२ बेस वर्कशॉप खडकीत. लडाखच्या थंडीत या कामाची खरी कसोटी लागते. पूर्ण भरलेल्या बॅटरीतले आम्ल उणे ५० अंशांनाही गोठत नाही. पार उतरलेल्या बॅटरीतले उणे ८ च्या आसपासच गोठते आणि कवच फुटते. म्हणजे तिथे चार्जिंगचा छोटा दोषही बॅटरीचा जीव घेतो. उंचीवरच्या विरळ हवेत अल्टरनेटर थंडही कमी होतो.

हेच शास्त्र महाराष्ट्रातल्या मालवाहू ट्रकांना आणि एसटीच्या बसगाड्यांनाही लागू आहे, कारण त्याही बहुधा २४ व्होल्टवरच चालतात. आयटीआयमध्ये ऑटो-इलेक्ट्रिशियनचे काम शिकणाऱ्या मुलामुलींना डायनामो खोलायला शिकवण्याआधी दोन जोडांमधला दाब मोजायला शिकवा. आणि तुमच्या गाडीचा डायनामो बदलायला कुणी सांगितले, तर आधी एवढेच विचारा: दोन्ही बाजूंनी किती व्होल्ट पडतात ते मोजले का? उत्तर ‘नाही’ असेल, तर खर्चाला होकार देऊ नका.