शून्याजवळचा दगा

डिसेंबरअखेरीस मनालीच्या वर, सोलंग नाला ते धुंदी या पट्ट्यात जवळजवळ दरवर्षी तोच प्रकार घडतो. नाताळची गर्दी, अटल बोगद्यापलीकडे सिस्सूला बर्फ बघून परतणाऱ्या गाड्यांची लांबच लांब रांग, आणि ऊन डोंगराआड गेलं की एकेक गाडी खाली सरकू लागते. वेग म्हणावा तर माणूस चालतो तेवढाच. चालकाने ब्रेक दाबून धरलेला, चाकं थांबलेली, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवलेलं. तरी गाडी तिरकी होत होत पुढच्या गाडीकडे निघालेली. कोणी दार उघडून उडी मारतो, कोणी चाकापुढे दगड टाकायला धावतो. या चित्रफिती आपल्या फोनवर फिरत येतात आणि त्यांत एमएच पाटीच्या गाड्याही असतात.

या वेळी तिथलं तापमान काही फार खाली गेलेलं नसतं. शून्य, उणे दोन, फार तर उणे पाच अंश. त्याच हंगामात लडाखमधल्या द्रासला पारा उणे 20 च्याही खाली उतरतो आणि तिथल्या रस्त्यावर लष्कराचे ट्रक ये-जा करत असतात. त्यात सरावाचा आणि चाकांना लावलेल्या साखळ्यांचा वाटा आहेच. पण एक वाटा बर्फाचाही आहे. बर्फ जितका गार, तितका तो कमी निसरडा. चालकाचा घात करतो तो शून्याला टेकलेला, अर्धवट मनाने गोठलेला बर्फ.

बर्फ निसरडा का असतो, या साध्या प्रश्नाने शास्त्रज्ञांना पावणेदोनशे वर्षं दमवलं आहे. शाळेत आपण शिकलो ते उत्तर असं : दाब पडला की बर्फाचा वितळणबिंदू खाली येतो, म्हणून वजनाखाली तो वितळतो आणि पाण्यावरून वस्तू घसरते. दाब आणि वितळणबिंदूचा हा संबंध जेम्स थॉमसन यांनी 1849 मध्ये मांडला आणि तो खराच आहे. फक्त आकडे घालून बघा. वितळणबिंदू एका अंशाने खाली आणायला साधारण 135 वातावरणांइतका दाब लागतो. मोटारीचा टायर रस्त्यावर दाब देतो तो ढोबळमानाने त्यातल्या हवेच्या दाबाइतका, म्हणजे सव्वादोन-अडीच वातावरणं. त्याने वितळणबिंदू हलतो अंशाच्या साठाव्या भागाने. भरलेल्या ट्रकचा टायर आठ वातावरणांचा धरला, तरी अंशाचा सोळावा-सतरावा भाग. एवढ्याने उणे पाच अंशांचा बर्फ ढिम्म हलत नाही. तरी हे उत्तर आजही पाठ्यपुस्तकांत आणि क्लासच्या नोट्समध्ये सुखाने नांदतं आहे.

मायकेल फॅरेडे यांनी 1850 मध्ये वेगळीच शंका काढली होती. बर्फाचे दोन तुकडे एकमेकांना टेकवले की ते चिकटून एक होतात. यावरून त्यांनी तर्क केला की बर्फाच्या पृष्ठभागावर, शून्याखालीही, द्रवासारखा एक पातळ थर असला पाहिजे. तो विचार बराच काळ अडगळीत पडला. आधुनिक उपकरणांनी मात्र तो उचलून धरला आहे. बर्फाच्या आतल्या रेणूला चारही बाजूंनी शेजारी असतात, सर्वांत वरच्या रेणूला ते अपुरे पडतात. त्यामुळे वरचे रेणू सैल असतात, जागा बदलत राहतात. तापमान शून्याकडे सरकेल तसा हा सैल थर जाड होत जातो. तिसरा धागा घर्षणाच्या उष्णतेचा. एफ. पी. बाउडन आणि टी. पी. ह्यूज यांनी 1939 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोख इथे प्रयोग करून दाखवलं, की सरकणाऱ्या वस्तूखाली घर्षणानेच बर्फ वितळतो. रबर उष्णतेचं मंद वाहक. घासण्यातून निघालेली उष्णता टायरमध्ये फारशी शिरत नाही, टायर आणि बर्फ यांच्यामध्येच राहते. शून्याजवळच्या बर्फाला वितळायला तेवढं पुरतं. उणे 25 अंशांच्या बर्फाला आधी तापून शून्यापर्यंत यावं लागतं, आणि तोवर टायर पुढे गेलेला असतो.

आता याचा ब्रेकशी हिशेब. कोरड्या डांबरावर टायरचा घर्षणांक 0.7 च्या आसपास असतो, दाबून घट्ट झालेल्या हिमावर 0.2, बर्फावर 0.1 आणि ओल्या, वितळू लागलेल्या बर्फावर 0.05 पर्यंतही घसरतो. ताशी 40 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यापासून कोरड्या रस्त्यावर सुमारे 9 मीटरमध्ये थांबते. हिमावर तिला 31 मीटर लागतात, बर्फावर 63 आणि ओल्या बर्फावर सव्वाशे. हे सपाट रस्त्याचं झालं. घाटात उताराचा वाटा या पकडीतून वजा होतो. वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर खाली जाणाऱ्या उतारावर 0.1 घर्षणांकातलं निम्मं उतारच खातो आणि 63 चे 126 मीटर होतात. उतार दहाला एक असेल, तर उरतं शून्य. अशा ठिकाणी थांबण्याचं अंतर असं काही नसतंच. ब्रेक कितीही चांगले असोत, गाडी उतार संपेपर्यंत किंवा काही आडवं येईपर्यंत जाणार. सोलंगच्या चित्रफितींत दिसतं ते हेच.

या हिशेबात वजन कुठेच आलं नाही, हे लक्षात घ्या. ‘आपली गाडी जड आहे, रस्ता धरून राहील’ हा भाबडा समज आहे. वजन वाढलं की पकड वाढते आणि थोपवायचा जोरही तेवढाच वाढतो. दोघं एकमेकांना खाऊन टाकतात. तसंच फोर बाय फोरचं. इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळाल्याने गाडी बर्फातून निघते छान, चढतेही छान. थांबण्याच्या बाबतीत तिला काडीचा फायदा नाही, कारण ब्रेक प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना असतातच. माझ्या मते फोर बाय फोरचा खरा तोटा असा, की जिथे साध्या गाडीवाल्याने केव्हाच माघार घेतली असती, तिथपर्यंत ती माणसाला नेऊन सोडते.

ट्रकची अडचण वेगळी, आणि गमतीची बाब म्हणजे भरलेल्यापेक्षा रिकामा ट्रक जास्त छळतो. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, आणि माल नसल्याने मागचा भाग हलका. चढावर मागची चाकं जागीच गरगर फिरतात. उतारावर एक्झॉस्ट ब्रेक लावला, तर तो फक्त त्या हलक्या मागच्या चाकांनाच अडवतो. ती घसरली की ट्रकचं शेपूट बाजूला फिरतं.

शून्याजवळची ही अवस्था रस्त्यावर कुठे आणि कधी येते, हे डोंगरातले जुने चालक बिनचूक सांगतात. दुपारी ऊन लागून कडेचा हिमाचा ढीग पाझरतो, पाणी रस्त्यावरून आडवं वाहतं आणि सूर्य डोंगराआड जाताच त्याचा पातळ, पारदर्शक थर गोठतो. खालचं काळं डांबर त्यातून स्वच्छ दिसतं, त्यामुळे रस्ता फक्त ओला वाटतो. उत्तरेकडे तोंड असलेली, दिवसभर सावलीतली वळणं, नाले ओलांडणाऱ्या जागा आणि पूल ही त्याची ठरलेली ठिकाणं. पूल आधी गोठतो, कारण त्याला खालून जमिनीची ऊब मिळत नाही आणि वारा दोन्ही अंगांनी गारवा लावतो. बोगद्याचं तोंड हीही वाईट जागा. अटल बोगद्यात नऊ किलोमीटर कोरड्या रस्त्याची सवय लागलेला पाय बाहेर पडताक्षणी बर्फावर येतो.

काही वेळा बर्फाला चकाकी आणतात ती गाड्यांचीच चाकं. जपानने रस्ते उकरणाऱ्या आणि धुळीचे लोट उडवणाऱ्या खिळ्यांच्या टायरांना आळा घालण्यासाठी 1990 मध्ये कायदा केला. हवा सुधारली, पण साप्पोरोसारख्या शहरात सिग्नलपाशी नवंच संकट उभं राहिलं. थांबताना आणि निघताना बिनखिळ्यांची चाकं जागीच घसरायची, बर्फाचा वरचा थर क्षणभर वितळायचा आणि लगेच गोठून अधिकच गुळगुळीत व्हायचा. आपल्या घाटात अडकलेला माणूस जेव्हा रागाने अॅक्सिलरेटर दाबून चाकं फिरवतो, तेव्हा तो मागून येणाऱ्यासाठी नेमकं हेच करून ठेवतो.

यावर माणसाने शोधलेले उपाय या पाण्याच्या थराशीच लढतात. थंड देशांतल्या हिवाळी टायरचं रबर गारठ्यातही मऊ राहतं. नेहमीचा टायर सात अंशांखाली कडक होऊ लागतो आणि रस्त्याच्या खाचाखोचांत बसत नाही. हिवाळी टायरवर बारीक चिरा असतात. त्यांच्या कडा बर्फ खरवडतात आणि पोकळ्या पाणी टिपून घेतात. पहिला हिवाळी टायर फिनलंडमध्ये 1934 साली निघाला, आणि तोही मोटारीसाठी नव्हे, ट्रकसाठी. साखळी त्याहून जुनी. अमेरिकेतल्या हॅरी वीड यांनी तिचं पेटंट 1904 मध्ये घेतलं. लोखंडाची कडी बर्फात रुतते, तिला पाण्याच्या थराची पर्वा नसते. मनालीत आणि झोजीलाच्या पायथ्याशी चेन भाड्याने मिळते, ती लावून देणारी पोरंही मिळतात. फक्त ती ताकद मिळणाऱ्या चाकांना लावायची : बहुतेक लहान मोटारींत पुढच्या, ट्रकमध्ये मागच्या. चुकीच्या चाकांना लावलेली चेन चढावर नुसती खडखडते.

मिठाचं काम आपल्याला पॉटच्या आइस्क्रीममुळे ठाऊक आहे. बर्फात खडेमीठ घातलं की बर्फ वितळतो आणि तरी पाणी शून्याच्या खाली गार राहतं. रस्त्यावर मीठ टाकतात ते हेच साधायला. पाण्यात 23 टक्के मीठ विरघळलं, तर ते उणे 21 अंशांपर्यंत गोठत नाही. प्रत्यक्षात उणे दहाच्या आसपासच मीठ हात टेकतं, कारण इतक्या गार बर्फात ते विरघळायलाच फार वेळ लागतो. त्याखाली वाळू बरी. ती बर्फ वितळवत नाही, नुसती खरखर देते. सुदैवाने मिठाचा उपयोग नेमका तिथेच सर्वांत जास्त होतो, जिथे बर्फ सर्वांत निसरडा असतो. गाडीचा पत्रा कुजतो, ही त्याची किंमत.

चालकाच्या हातात उरतं ते एवढंच, की पकड कमी आहे तर मागणीही कमी ठेवायची. चाकाकडे असलेली पकड ब्रेकमध्ये संपली, की वळायला काही उरत नाही. म्हणून वेग वळणाआधी सरळ रस्त्यावर उतरवायचा, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्या जोरावर उतरायचं, क्लच झटक्यात सोडायचा नाही. एबीएस असेल तर ब्रेक दाबला असतानाही स्टिअरिंग चालतं, हा मोठाच आधार. पण भुसभुशीत हिमात एबीएसमुळे थांबण्याचं अंतर वाढू शकतं. थांबलेलं चाक आपल्यापुढे हिमाचा बांध रचतं आणि त्यावर अडतं. एबीएस चाकाला थांबूच देत नाही.

मग उणे 30 अंशांना सगळं सुरळीत असतं का? पकडीपुरतं, बऱ्यापैकी. कॅनडाच्या वायव्य भागात गोठलेल्या तळ्यांवरून हिऱ्यांच्या खाणींकडे जाणारा शेकडो किलोमीटरचा रस्ता दर हिवाळ्यात नव्याने तयार केला जातो आणि त्यावरून अजस्र ट्रक जातात. तिथे भरलेल्या ट्रकला ताशी 25 किलोमीटरची मर्यादा आहे, आणि तिचं कारण घसरणं हे नाही. ट्रकच्या भाराने बर्फ किंचित खचतो आणि खालच्या पाण्यात एक लाट ट्रकबरोबर चालते. ट्रकचा वेग लाटेच्या नैसर्गिक वेगाशी जुळला, की लाट फुगत जाते आणि बर्फ फोडते. उथळ पाण्यात ही गाठ कमी वेगालाच पडते. लेनिनग्राडच्या वेढ्यात, 1941-42 च्या हिवाळ्यात, लडोगा सरोवरावरून धान्याचे ट्रक जात. काही ट्रक भरभक्कम बर्फ असूनही बुडाले, तेव्हा तिथल्या भौतिकशास्त्रज्ञांनी बर्फाचं खचणं मोजणारं यंत्र बनवून हा धोका हुडकून काढला होता.

कडक थंडी सूड उगवते तो इंजिनावर. बॅटरीचा जोर निम्म्यावर येतो. डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर तुंबतो, आणि मग टाकीखाली स्टोव्ह किंवा बोळे पेटवून डिझेल पातळ करण्याचे जिवावरचे उद्योग पहाटे सुरू होतात. इंडियन ऑइलने नोव्हेंबर 2019 मध्ये लडाखसाठी उणे 33 अंशांपर्यंत प्रवाही राहणारं डिझेल आणलं, ते यासाठीच.

शून्याजवळच्या हिमाचा आणखी एक डाव मात्र ब्रेकशी संबंधित नाही. हा हिम ओला, जड आणि चिकट असतो. तो थांबलेल्या गाडीभोवती घट्ट बसतो. जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी हजारो गाड्या रात्रभर अडकल्या आणि किमान 22 माणसं गाडीतच मेली. त्यांतल्या अनेकांचा जीव कार्बन मोनॉक्साइडने घेतला असावा. ऊब मिळावी म्हणून इंजिन चालू ठेवलेलं, सायलेन्सरचं तोंड हिमाने बुजलेलं, काचा बंद. या वायूला वास नाही आणि गुंगी येते ती झोप आल्यासारखीच. अडकलात, तर आधी खाली उतरून सायलेन्सरचं तोंड हाताने मोकळं करा. इंजिन तासाला दहा मिनिटांपेक्षा जास्त चालवू नका, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर उघडी ठेवा, आणि हिम पडत असेल तर इंजिन सुरू करण्याआधी दर वेळी उतरून ते तोंड पुन्हा तपासा.