न कुजणारे शव

‘ममी’ म्हटले की मिसर देशातील लेपद्रव्ये व कापडी पट्ट्याच आठवतात, आणि न कुजलेले प्रेत कोठे सापडले तर चमत्काराची किंवा विषप्रयोगाची वदंता पसरते. वस्तुतः कोरड्या, वाहत्या हवेत शरीरातील जलांश जंतूंचा अंमल बसण्यापूर्वीच उडून गेला, तर मानवी हस्तक्षेपावाचून देह वाळून टिकतो, आणि यालाच नैसर्गिक शवशुष्कन म्हणतात. कैरीच्या उन्हात वाळवलेल्या फोडींची आंबोशी टिकते ती याच न्यायाने. त्वचा तपकिरी, कडक होऊन हाडांना चिकटते.

न्यायवैद्यकाला (न्यायदानास साहाय्य करणाऱ्या वैद्यकशाखेला) अशा देहाचे मोल फार आहे: चेहऱ्याची ठेवण राहिल्याने मयत इसमाची ओळख पटू शकते, गळफासाचा वळ किंवा शस्त्राची जखम टिकून राहते, आणि बोटांची सुकलेली कातडी द्रावणात मऊ करून ठसेही घेता येतात. मात्र काखेत व जांघेत त्वचा वाळताना आपोआप चिरते. ती चीर पंचनाम्यात वार म्हणून नोंदली गेली, तर निरपराध्यावर किटाळ येईल.

मृत्यूचा काळ ठरविणे तर याहून बिकट. १९९१ साली ऑस्ट्रिया-इटलीच्या सरहद्दीवरील हिमात सापडलेला, थंडीने टिकलेला ‘ओत्झी’ नावाने ओळखला जाणारा देह प्रथम अलीकडच्या गिर्यारोहकाचा वाटला. तो पाच हजार वर्षांहून जुना ठरला, आणि त्याच्या डाव्या खांद्यात रुतलेले गारेचे बाणाग्र क्ष-किरणांनी उघडकीस आले ते २००१ साली.