युनिट तेवढीच, बिल मात्र मोठे

एकाच घराची, वर्षभराच्या अंतराने आलेली दोन वीजबिले शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. पुष्कळदा असे दिसते की वापरलेली युनिट जवळजवळ तेवढीच आहेत, रक्कम मात्र वाढलेली आहे. वर्तमानपत्रांत एका दिवशी सौर वीज तीन रुपये युनिटने मिळणार अशी बातमी येते आणि दुसऱ्या दिवशी दरवाढीची. या दोन्ही बातम्या एकाच वेळी खऱ्या असू शकतात. त्या कशा, हे समजून घ्यायचे तर बिलातल्या ओळी एकेक करून वाचाव्या लागतात. त्यांतल्या काही पदार्थविज्ञानाच्या आहेत, काही हिशेबाच्या आणि काही सरळसरळ राजकारणाच्या.

सुरुवात युनिटपासून करू. एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास, म्हणजेच ३६ लाख ज्यूल. हा आकडा मुलांना मोठा वाटतो, पण किती मोठा ते कळत नाही. पन्नास किलो वजनाची मुलगी तीन मीटर उंचीचा एक मजला चढते तेव्हा ती गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे १४७० ज्यूल कार्य करते. एका युनिटाएवढे कार्य करायला तिला जवळजवळ २४५० मजले चढावे लागतील! एवढी ऊर्जा आपल्याला एका वडापावच्या आसपासच्या किमतीत घरपोच मिळते. वीज महाग आहे की स्वस्त, या वादात पडण्यापूर्वी हे एकदा मनात नोंदवून ठेवावे.

वर्गात करण्यासारखा एक प्रयोगही येथेच सांगून टाकतो. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी '३२०० इंपल्स प्रति किलोवॉट-तास' असा (किंवा १६०० असा) आकडा छापलेला असतो. ३२०० चा मीटर असेल तर दिव्याची प्रत्येक उघडझाप म्हणजे ११२५ ज्यूल. बाकी सर्व उपकरणे बंद करून फक्त १००० वॉटची इस्त्री लावली, तर दिवा साधारण सव्वा सेकंदाच्या आतच एकदा लुकलुकतो. ७५ वॉटचा जुना पंखा लावला की दोन उघडझापींमध्ये १५ सेकंद जातात. नव्या बीएलडीसी पंख्याला तीस वॉटच्या आसपास लागतात, त्यामुळे हेच अंतर ३७ सेकंदांपर्यंत वाढते. घड्याळ आणि वही एवढ्या साहित्यात मुले घरातल्या प्रत्येक उपकरणाची शक्ती मोजू शकतात.

आता बिलाकडे वळू. महावितरणच्या घरगुती बिलात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क अशा ओळी असतात. वीज आकार टप्प्याटप्प्याने वाढतो : १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, मग ५०० पर्यंत तिसरा आणि त्यापुढे चौथा. येथे एक गैरसमज सर्रास आढळतो. १०१ वे युनिट वापरले की सगळीच युनिट वरच्या दराने लागतात, असे अनेकांना वाटते. तसे नाही, वरचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. मात्र शेवटच्या ओळीतले १६ टक्के वीज शुल्क हा राज्य सरकारचा कर आहे आणि तो रकमेच्या टक्केवारीत आहे. म्हणजे स्थिर आकार, वहन आकार किंवा इंधन समायोजन यांपैकी काहीही वाढले की करही आपोआप वाढतो. कर वाढवल्याची घोषणा न करता कराचे उत्पन्न वाढवण्याची ही सोपी युक्ती आहे, आणि दरवाढीवरच्या चर्चेत तिचा उल्लेख फारच कमी होतो.

इंधन समायोजन म्हणजे काय, ते औष्णिक केंद्राच्या पोटात पाहिले की कळते. एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. परंतु कोळशावरचे नेहमीचे केंद्र एक युनिट तयार करायला २४०० च्या आसपास किलोकॅलरी उष्णता घेते. कार्यक्षमता ३६ टक्क्यांच्या जवळपास. उरलेली उष्णता शीतक मनोऱ्यांतून आणि धुराड्यातून निघून जाते. उष्मागतिकीचा दुसरा नियम कोणत्याही सरकारला सवलत देत नाही! किलोला ३६०० किलोकॅलरी उष्णता देणारा कोळसा घेतला तर युनिटामागे साधारण ६७० ग्रॅम कोळसा जळतो. त्यात राख भरपूर, आणि ती राखसुद्धा रेल्वेचे भाडे भरूनच केंद्रापर्यंत येते. कोळशाची किंमत किंवा भाडे आयोगाने धरलेल्या अंदाजापेक्षा वाढले की फरक या ओळीतून ग्राहकाकडे येतो. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात कोळशाची टंचाई झाली, तेव्हा केंद्र सरकारने वीजकेंद्रांना दहा टक्के आयात कोळसा मिसळायला सांगितले. युक्रेनच्या युद्धामुळे त्या वेळी जगात कोळसा अतिशय महाग झालेला होता. दूरच्या युद्धाची झळ स्वयंपाकघरातल्या मिक्सरला लागते ती अशी.

परंतु इंधन हा खर्चाचा एकच भाग झाला. वीजकेंद्राकडून वीज घेताना वितरण कंपनी दोन प्रकारचे पैसे देते. एक, घेतलेल्या विजेचे. दुसरे, केंद्र तयार ठेवल्याबद्दलचे : कर्जाचे व्याज, घसारा, देखभाल, भांडवलावरचा परतावा. याला स्थिर खर्च म्हणतात. केंद्र वीज देण्यास सज्ज असेल तर हे पैसे वीज घेतली नाही तरी द्यावे लागतात. समजा, एक मेगावॉट क्षमतेमागे वर्षाचा स्थिर खर्च १ कोटी २० लाख रुपये आहे. वर्षात ८७६० तास असतात. क्षमतेच्या ८५ टक्के वापर झाला तर सुमारे ७४ लाख ४६ हजार युनिट मिळतात आणि युनिटामागे स्थिर खर्च १ रुपया ६१ पैसे पडतो. वापर ४५ टक्क्यांवर आला की तोच खर्च ३ रुपये ४ पैसे होतो. केंद्र तेच, कोळसा त्याच भावाचा, वीज मात्र महाग.

महाराष्ट्राने हा धडा दाभोळमध्ये घेतला आहे. एन्रॉनच्या प्रकल्पाबरोबर राज्य वीज मंडळाने १९९३ मध्ये करार केला, १९९५ मध्ये नव्या सरकारने तो रद्द केला आणि मग फेरवाटाघाटी होऊन तो पुन्हा उभा राहिला. ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला. स्थिर खर्च मोठा, त्याचा डॉलरशी संबंध, इंधन म्हणून महागडा नाफ्था, आणि गरजेपेक्षा जास्त असलेली ही वीज घेण्याचे प्रमाण कमी. मग युनिटाचा हिशेबी दर काही महिन्यांत सात रुपयांच्या वर गेला यात नवल नाही. २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबवले, आणि त्याच वर्षी माधव गोडबोले समितीने या व्यवहाराची चिरफाड केली. पुण्याच्या 'प्रयास' या संस्थेतील अभ्यासकांनी कराराचे गणित त्याआधीच लोकांपुढे मांडले होते. दाभोळची चर्चा आजही भ्रष्टाचार की विकास या शब्दांत होते. माझ्या मते त्यातला खरा मुद्दा साध्या भागाकाराचा होता : छेद लहान झाला की भागाकार मोठा होतो. मागणीचा अंदाज चुकला तर त्या चुकीची किंमत पंचवीस-तीस वर्षे ग्राहक भरतो.

यानंतर तारांचा खर्च. दहा किलोवॉट शक्ती २३० व्होल्टला पाठवायची तर सुमारे ४३ अँपिअर प्रवाह लागतो. ११,००० व्होल्टला एक अँपिअरही लागत नाही. तारेत उष्णतेच्या रूपाने होणारा नाश प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणून तेवढ्याच रोधाच्या तारेत पहिल्या वेळी नाश जवळजवळ २३०० पट होईल. ट्रान्सफॉर्मर दूर आणि लघुदाबाची तार लांब, अशी आपल्या ग्रामीण जाळ्याची रचना असते. तेथे गळती का होते, हे या एका वर्गावरून समजते.

अर्थात सगळीच गळती ओहमच्या माथी मारता येत नाही. शेतीपंपांना मीटर न लावता अश्वशक्तीवर आकारणी करण्याची पद्धत आपल्याकडे रुजली. त्यामुळे शेतीला नेमकी किती वीज जाते, हे मोजलेच जात नव्हते. न मोजलेली वीज शेतीच्या खात्यावर टाकणे सोयीचे होते, आणि चोरीही त्यात झाकली जाई. १९९९ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला आणि त्याने कागद मागायला सुरुवात केली, तेव्हा मंडळाची पंधरा-अठरा टक्के सांगितली जाणारी गळती तीस टक्क्यांच्या वर गेली. गळती एका वर्षात वाढलेली नव्हती. ती आधीपासून तेथेच होती, फक्त शेतकऱ्याच्या नावावर लिहिलेली होती. 'शेतकऱ्याला फुकट वीज, म्हणून आम्हाला महाग' असे शहरात सहज म्हटले जाते, त्या वेळी हा इतिहास आठवावा. २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन महावितरण वेगळी कंपनी झाली. त्यानंतर गळती पुष्कळ कमी झाली आहे, परंतु न मोजलेल्या पंपांचा प्रश्न संपलेला नाही.

शेतीची स्वस्त वीज परवडते कशी? पूर्वापार पद्धत अशी की कारखाने आणि दुकाने यांच्याकडून सरासरी खर्चापेक्षा जास्त दर घ्यायचा आणि त्यातून शेतीची व लहान घरगुती ग्राहकांची तूट भरायची. वीज कायदा २००३ ने ही आडवी सवलत हळूहळू कमी करा असे सांगितले. सरकारला कुणाला सवलत द्यायचीच असेल तर पैसे तिजोरीतून, आणि तेही आगाऊ द्यावेत, अशीही तरतूद केली. २०२४ मध्ये राज्याने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना पाच वर्षांसाठी वीज मोफत केली. तिचा भार कागदोपत्री तिजोरीवर आहे. दुसऱ्या बाजूने मोठे उद्योग मुक्त प्रवेशाची सोय वापरून थेट बाहेरून वीज घेतात किंवा स्वतःची सौर वीज उभारतात. जास्त दर देणारा ग्राहक गेला तरी तारा, उपकेंद्रे आणि जुन्या करारांचा स्थिर खर्च जागेवरच राहतो, आणि तो उरलेल्या ग्राहकांत वाटला जातो. पुन्हा तोच भागाकार!

आता सुरुवातीच्या कोड्याकडे येऊ. सौर वीज स्वस्त झाली आहे, यात शंका नाही. राजस्थानातील भडला येथे २०१७ मध्ये २ रुपये ४४ पैसे असा दर निघाला तेव्हा सगळे चकित झाले होते. महाराष्ट्राने त्याच वर्षी शेतीच्या वाहिन्या सौर विजेवर चालवण्याची योजना आणली. शेतीला रात्री पाणी देण्यापेक्षा दिवसा, तेही जवळच तयार झालेल्या विजेवर देणे, ही कल्पना मला फार चांगली वाटते; त्यात विंचू-सापांचे भय टळते आणि लांबच्या तारांतला नाशही. परंतु घरातला सर्वाधिक वापर संध्याकाळी सातनंतरचा असतो आणि तेव्हा सूर्य नसतो. त्यामुळे कोळशाची केंद्रे दुपारी मंद ठेवून संध्याकाळी जोरात चालवावी लागतात. त्यांचा वर्षभराचा वापर घटतो, आणि त्याचा परिणाम आपण वर पाहिलाच आहे.

दुपारची वीज साठवता येते, पण साठवण फुकट नसते. अकोले तालुक्यातील घाटघर येथे २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे. जास्तीची वीज वापरून खालच्या जलाशयातले पाणी सुमारे चारशे मीटर वर चढवायचे आणि मागणीच्या वेळी सोडायचे. एक युनिट साठवायला किती पाणी लागेल? ३६ लाख ज्यूलला १००० × ९.८ × ४०० ने भागले की ०.९२ घनमीटर येते. टर्बाइनमधला नाश धरून एक घनमीटर म्हणा. म्हणजे पाण्याची हजार लिटरची टाकी चारशे मीटर उंच चढवली की एक युनिट! शिवाय चढवताना घातलेल्या दर चार युनिटांपैकी तीनच्या आसपास परत मिळतात. बॅटरीत परतावा जास्त असतो, पण तिचे आयुष्य मर्यादित असते.

म्हणूनच वेळेनुसार दर लावण्याचा विचार पुढे आला. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनुसार सूर्यप्रकाशाच्या तासांत दर निदान २० टक्के कमी आणि मागणीच्या ऐन वेळी जास्त असावा. त्यासाठी वेळेची नोंद ठेवणारा मीटर लागतो. २०२४ मध्ये प्रीपेड स्मार्ट मीटरला मोठा विरोध झाला आणि सामान्य घरांना ते बसवणार नाही, असे राज्य सरकारने सांगितले. लोकांची शंका अगदीच निराधार नव्हती. दुपारी कपडे धुण्याचे यंत्र लावायला घरात माणूस हवा. दिवसभर कामावर असलेल्या कुटुंबाला स्वस्त दुपारचा काय उपयोग? छपरावरच्या सौर संचाचेही तसेच आहे. २०२४ च्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. ज्याचे स्वतःचे छप्पर आहे त्याचे बिल शून्याजवळ येते. तो रात्री जाळ्यातलीच वीज घेतो, पण जाळ्याचा खर्च फारसा भरत नाही. तो भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याकडे सरकतो. सौर संचाला विरोध करण्याचे हे कारण नव्हे. पण हा खर्च कोणी उचलायचा, हे ठरवावे लागेल.

हे ठरते ते आयोगापुढे. महावितरणला दर वाढवायचे तर याचिका करावी लागते. तिचा मराठी सारांश प्रसिद्ध होतो, कोणीही लेखी हरकत घेऊ शकतो आणि जाहीर सुनावणीत बोलू शकतो, वकील लागत नाही. याचिका जाडजूड असते, पण त्यात पहिल्यांदा तीनच तक्ते शोधावेत : कोणत्या केंद्राला वीज न घेताही किती स्थिर खर्च दिला, मीटर नसलेल्या पंपांचा वापर कोणत्या पद्धतीने अंदाजला, आणि सरकारने कबूल केलेल्या अनुदानापैकी किती वेळेवर पोचले. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना हे तक्ते वाचायला गुणाकार-भागाकारापलीकडे काही लागत नाही. हरकत लिहिताना मात्र प्रत्येक आकड्यापुढे पान क्रमांक लिहावा. त्याशिवाय सुनावणीत उत्तर मिळत नाही.